पेट्रोलियमची कुळकथा

नवव्या शतकात इंग्लंडचा राजा आल्फ्रेड डेन लोकांशी लढत होता आणि त्याच वेळी एका जुनाट दुखण्याशीही. जेरुसलेमचे धर्मगुरू इलायस यांनी या राजासाठी काही औषधं सुचवली होती, अशी नोंद ‘बाल्ड्स लीचबुक’ नावाच्या जुन्या इंग्रजी वैद्यकपोथीत आहे. दहाव्या शतकातली तिची हस्तलिखित प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्या औषधांत एक नाव येतं : ‘पेट्राओलियम’. आतल्या दुखण्यावर पोटात घ्यायचं, थंडीच्या दिवसांत बाहेरून अंगाला चोळायचं, कारण ते फार उष्ण. पंपावर, रिफायनरीच्या फाटकावर आणि सरकारी मंत्रालयाच्या पाटीवर आज दिसणारा शब्द इंग्लंडच्या कागदपत्रांत प्रथम शिरला तो असा, मात्रा आणि चाटणांच्या रांगेतून.

शब्दाची फोड सोपी आहे. ग्रीकमध्ये ‘पेत्रा’ म्हणजे खडक. लॅटिनमध्ये ‘ओलियम’ म्हणजे तेल. दोन्ही जोडून मध्ययुगीन लॅटिनने शब्द केला, पेट्रोलियम : खडकाचं तेल. याच ग्रीक खडकावरून सेंट पीटर हे नाव आलं, आणि पोर्तुगीजांच्या मार्गे गोव्यात आणि वसईत घरोघरी आलेला पेद्रूही त्याच खडकाचा. भाऊबंदकी लांबची असली, तरी खरी आहे.

पण या जोडशब्दात एक विसंगती दडलेली आहे, आणि ती मराठी वाचकाला पटकन कळेल. ‘ओलियम’ हा शब्द मुळात ऑलिव्हच्या फळाचा. तेल म्हणजे ऑलिव्हचंच, हा भूमध्य समुद्राकाठचा समज त्यात आहे. आपल्याकडे ‘तैल’ म्हणजे तिळापासून झालेलं. पुढे करडई, जवस, खोबरं सगळ्यांचंच तेल निघू लागलं आणि तीळ त्या शब्दातून निसटला. तेल म्हणजे बी, फळ, फार तर माशाची चरबी. दगडाला कसलं आलंय तेल? वाळू रगडून तेल काढणं हा भर्तृहरीच्या नीतिशतकात अशक्यप्राय गोष्टीचा दाखला आहे आणि वामनपंडितांच्या मराठी रूपामुळे तो शाळकरी पोरांच्याही तोंडी बसला. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अथाबास्का नदीच्या खोऱ्यात हाच उद्योग आज खरोखर चालतो. तिथली डांबरमिश्रित वाळू खणून गरम पाण्याने धुतात आणि तेल वेगळं करतात. भर्तृहरीच्या श्लोकातली पुढची अट, म्हणजे मूर्खाची समजूत घालणं, अजून कुणाला साधलेली नाही.

खडकातून झिरपणारा चिकट द्रव आपल्या लोकांना अनोळखी होता असं मात्र नाही. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या भिंतींमध्ये डांबराचा थर दिलेला आहे. आयुर्वेदात शिलाजतु आहे, आपलं शिलाजित. ते पेट्रोलियम नव्हे. पण शब्दाची घडण पाहा : शिला अधिक जतु, खडकाची लाख. ‘जतु’ म्हणजे लाख किंवा डिंकासारखं काही. महाभारतात पांडवांसाठी बांधलं ते जतुगृह, म्हणजे लाक्षागृह. डांबरासाठी लॅटिनमध्ये जो ‘बिट्युमेन’ शब्द आहे, त्याचं मूळ भाषाशास्त्रज्ञ या संस्कृत ‘जतु’च्याच कुळात शोधतात. दुर्योधनाचं ज्वालाग्राही घर आणि नगरपालिकेचा डांबरी रस्ता यांचं नातं असं शब्दकोशात जुळतं.

पश्चिम आशियात या पदार्थाचं दुसरं आणि अधिक जुनं नाव होतं. मेसोपोटेमियाच्या अक्कादी भाषेत ‘नप्तु’, ग्रीकांच्या तोंडी ‘नाफ्था’, अरबी-फारसीत ‘नफ्त’. युफ्रेटिस नदीकाठच्या हीत गावातून डांबर निघे, आणि बाबिलोनच्या तटबंदीला ते चुन्याऐवजी वापरलं असं हिरोडोटस सांगतो. प्लुटार्कने अलेक्झांडरच्या चरित्रात एक प्रसंग दिला आहे. बाबिलोनियात स्थानिक लोकांनी राजाच्या मुक्कामाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाफ्था शिंपडून त्याला एका टोकाने बत्ती दिली. क्षणात सगळा रस्ता पेटला. मग दरबारातल्या एकाला कल्पना सुचली की हे माणसाच्या अंगावर लावून पाहावं. स्टेफानस नावाचा एक पोरगा तयार झाला. अंगाला नाफ्था फासून पेटवल्यावर तो विझता विझेना. स्नानगृहात पाण्याच्या घागरी हाताशी होत्या म्हणून कसाबसा वाचला. ज्वालाग्राही पदार्थाची चाचणी घेण्याच्या पद्धती पुढे सुधारल्या, त्यालाही दोन हजारांवर वर्षं लागली.

चीनमध्ये अकराव्या शतकात शेन कुओ या अधिकाऱ्याने आपल्या टिपणवहीत ‘शी-यू’ हा शब्द वापरला. शी म्हणजे दगड, यू म्हणजे तेल. लॅटिनशी काही संबंध नसताना तिकडेही नेमकी तीच जोडणी झाली. शेन कुओला त्या तेलाच्या काजळीत रस होता. तिची शाई पाइनच्या काजळीपेक्षा काळीभोर होते, झाडं तोडावी लागत नाहीत, आणि हा पदार्थ पुढे जगभर चालेल, असं त्याने लिहून ठेवलं. भाकीत खरं ठरलं, शाईचं कारण सोडून.

युरोपात मात्र दगडाचं तेल बराच काळ औषधवाल्यांच्या बरण्यांतच राहिलं. इटलीत मोडेनाजवळच्या डोंगरात झिरपणारं तेल, बव्हेरियात टेगर्नझे मठाजवळचं ‘संत क्विरिनस यांचं तेल’ : दोन्हींना औषध म्हणून मान होता, आणि दुसरं तर मठातले साधूच विकत. १५४६ मध्ये गेओर्ग बाउअर ऊर्फ अ‍ॅग्रिकोला या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने खनिजांवरच्या आपल्या लॅटिन ग्रंथात या पदार्थाला जागा दिली. हा मुळात खाणगावातला वैद्य. त्याच्यापासून पेट्रोलियम हा शब्द औषधाच्या कपाटातून खनिजांच्या यादीत आला म्हणायला हरकत नाही.

ज्या जागी तेल आणि वायू आपोआप वर येत, तिथे माणसं हात जोडत. कॅस्पियन समुद्राकाठी बाकूजवळ सुराखानी येथे अशा नैसर्गिक ज्वाळेभोवती आतेशगाह हे अग्निमंदिर उभं आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत तिथे हिंदुस्थानी व्यापारी आणि साधू राहत. भिंतींवरचे बहुतेक शिलालेख देवनागरीत आहेत, काही गुरुमुखीत आणि एक फारसीत. अझरबैजानमध्ये जाऊन ‘श्रीगणेशाय नमः’ अशी सुरुवात वाचायला मिळते, हे ऐकीव नव्हे. याच मंदिराच्या शेजारी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोकोरेव या रशियन उद्योजकाने दिव्याचं तेल काढण्याचा कारखाना टाकला. पुढे आसपासचा वायू इतका उपसला गेला की १९६९ मध्ये ती ज्वाळा विझली. आज तिथे दिसतो तो अग्नी नळातून आणलेल्या वायूचा.

पण ‘दगडाचं तेल’ मराठी घरात आलं ते बाकूच्या मंदिरातून नाही आणि लॅटिन ग्रंथांतूनही नाही. ते आलं अमेरिकेतून, एका बाटलीच्या वाटेने.

पेनसिल्व्हेनियात मिठासाठी खोल बोअर घेत. खाऱ्या पाण्याबरोबर काळपट तेल वर येई आणि मीठवाल्यांना त्याचा वैताग असे. सॅम्युअल किअर या पिट्सबर्गच्या मीठवाल्याने १८५० च्या सुमारास ते बाटल्यांत भरून औषध म्हणून विकायला काढलं. नाव ठेवलं ‘किअर्स पेट्रोलियम, ऑर रॉक ऑइल’. लॅटिन शब्द विद्वत्तेचा रुबाब दाखवायला आणि इंग्रजी शब्द गिऱ्हाइकाला कळायला, अशी दुहेरी सोय त्यात होती. त्याने जाहिरातीची पत्रकंही बँकेच्या नोटेसारखी छापली. कोपऱ्यात ४०० हा आकडा. तो डॉलरचा नव्हे, तर जमिनीखालच्या फुटांचा, जिथून तेल येतं. चित्रात मिठाच्या विहिरीवरचे लाकडी मनोरे. संधिवात, खोकला, त्वचेचे विकार, सगळ्यांवर एकच उतारा. आपल्याकडे एस. टी. स्टँडवर विकल्या जाणाऱ्या कुठल्याही तेलाची जाहिरात याहून वेगळी नसते.

न्यू यॉर्कमध्ये एका औषधाच्या दुकानाच्या काचेत जॉर्ज बिसेल या वकिलाला ती नोट दिसली, आणि मिठासारखं तेलही बोअर घेऊन काढता येईल हे त्याला सुचलं, असं सांगतात. गोष्ट थोडी फार रंगवलेली असेल. पण बिसेलने १८५४ मध्ये काढलेल्या कंपनीचं नाव ‘पेनसिल्व्हेनिया रॉक ऑइल कंपनी’ होतं, हे पक्कं. येल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन सिलिमन धाकटे यांनी १८५५ मध्ये या तेलाची तपासणी करून अहवाल दिला की याचं ऊर्ध्वपातन केलं तर उत्तम दिवा जळेल. मग एडविन ड्रेक नावाचा रेल्वेतला माजी कंडक्टर पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला पाठवला गेला. त्याला पत्रं जात ती ‘कर्नल’ अशा पत्त्याने, गावावर छाप पडावी म्हणून. सैन्याशी त्याचा संबंध नव्हता. बोअर कोसळू नये म्हणून त्याने लोखंडी नळी ठोकत ठोकत खाली नेली, आणि २७ ऑगस्ट १८५९ रोजी साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं.

पुढची दोन दशकं जगाला या तेलाचं काम एकच होतं, उजेड. व्हेल माशाचं तेल महाग झालं होतं. नोव्हा स्कॉशियाचे अब्राहम गेसनर यांनी आधीच कोळशासारख्या खनिजापासून दिव्याचं तेल काढलं होतं आणि मेणासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याला ‘केरोसीन’ नाव दिलं होतं. ते नाव आता खडकाच्या तेलातून निघालेल्या भागालाही लागलं. स्कॉटलंडमध्ये जेम्स यंग यांच्या ‘पॅराफिन’ या नावाने हेच चाललं. म्हणून ब्रिटिश माणूस आजही रॉकेलला पॅराफिन म्हणतो. गॅलिशियात पोलिश औषधविक्रेते इग्नासी लुकासिएविच यांचा दिवा १८५३ मध्ये ल्विव्हच्या रुग्णालयात लागला. पोलिश भाषेत रॉकेल म्हणजे ‘नाफ्ता’, आणि कच्चं तेल म्हणजे ‘रोपा’. रोपा या शब्दाचा दुसरा अर्थ पू. जखमेतून येतो तो.

मुंबई बंदरात अमेरिकन तेल उतरू लागलं ते ‘रॉक ऑइल’ म्हणून. दोन्ही शब्द चार-पाच वेळा भराभर म्हणून पाहिले की रॉकेल आपोआप तयार होतं. गावाकडे राकेल. आजी दुकानावर बाटली घेऊन पाठवायची आणि ‘रॉकेल आण’ म्हणायची, तेव्हा ती पेट्रोलियम या शब्दाचंच इंग्रजी भाषांतर मराठी उच्चारात म्हणत होती. ‘घासलेट’ची चाल निराळी. १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. त्या गॅसलाइटचं नाव घरातल्या नव्या दिव्याला आणि मग त्यातल्या तेलाला चिकटलं. गॅसशी किंवा घासशी त्या तेलाचा काही संबंध नाही. हिंदीत बनारसीदास चतुर्वेदी यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस भडक साहित्याविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा अशा लिखाणाला त्यांनी ‘घासलेटी साहित्य’ म्हटलं. वास येतो आणि भडकतं, दोन्ही अर्थांनी.

तेल येई डब्यातून, आणि तो डबा तेलाइतकाच महत्त्वाचा होता. पातळ पत्र्याचा, चौकोनी, पाच अमेरिकन गॅलनचा, म्हणजे साधारण एकोणीस लिटरचा. असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. रिकामा डबा कुणी टाकत नसे. वरचं झाकण कापून, कडा आत वळवून, मधोमध लाकडी दांडा ठोकला की पाणी वाहायला बादली. कावडीला दोन्हीकडे दोन. उभा कापला की सुपासारखं काही, उलगडला की गोठ्याच्या छपराला ठिगळ. धान्य, पीठ, पापड ठेवायला डबा. न्हाणीघरात विटांच्या चुलीवर तापलेलं पाणी. खोक्याच्या फळ्यांचं शेल्फ. आज किराणा दुकानात गोड्या तेलाचा पंधरा किलोचा डबा दिसतो, त्याचा आकार त्याच घराण्यातला.

या डब्याने तेलाच्या जागतिक व्यापारात एकदा चांगलीच गंमत केली. लंडनचे मार्कस सॅम्युअल यांनी बाकूचं रशियन तेल टँकर जहाजातून सुएझमार्गे पूर्वेकडे पाठवायचं ठरवलं. १८९२ मध्ये त्यांचं ‘म्युरेक्स’ हे जहाज कालव्यातून गेलं. सुटं तेल स्वस्त पडणार, गिऱ्हाईक आपापलं भांडं घेऊन येणार, असा हिशोब होता. गिऱ्हाईक आलं नाही. त्याला डबा हवा होता. शेवटी सॅम्युअलना पत्रा आणून पूर्वेकडच्या बंदरांत डबे बनवण्याचे कारखाने काढावे लागले. अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचा डबा निळा, यांचा लाल. सॅम्युअल यांच्या वडिलांचा धंदा शिंपल्यांच्या शोभेच्या वस्तूंचा होता, म्हणून जहाजांना शिंपल्यांची नावं आणि पुढे कंपनीला ‘शेल’.

ब्रह्मदेशातल्या येनानजाँगचं तेल तर युरोपीय येण्याआधीपासून हातांनी खणलेल्या विहिरींतून निघत होतं. त्या गावाच्या नावाचाच अर्थ वास येणाऱ्या पाण्याचा ओढा. १८८६ मध्ये ग्लासगोत बर्मा ऑइल कंपनी स्थापन झाली आणि रंगूनहून तेल हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरू लागलं. आसामात दिगबोईला १८८९ मध्ये तेल लागलं, १९०१ मध्ये रिफायनरी झाली. ‘डिग, बॉय’ असं साहेब ओरडला म्हणून दिगबोई, ही कथा सांगायला छान आहे, मानायला नव्हे.

प्रत्येक भाषेने या तेलाला जे नाव दिलं, त्यात ते तिच्याकडे कुठून आलं किंवा तिला कसं दिसलं हे कळतं. हिंदीत मिट्टी का तेल, तमिळमध्ये मण्णेण्णै, इंडोनेशियात मिन्याक तानाह : तिन्हींत तेल मातीचं. कन्नडमध्ये सीमे एण्णे, परदेशातलं तेल. सोलापूर-जत भागात हा शब्द मराठी कानांवर सहज पडतो. जर्मन माणसाला ‘पेट्रोलियम’ म्हटलं तर त्याच्या डोळ्यांपुढे कंदिलातलं रॉकेलच येतं, कच्च्या तेलासाठी त्याच्याकडे ‘एर्डऑल’, भूतेल, हा वेगळा शब्द आहे. अर्जेंटिनात ‘नाफ्ता’ म्हणजे मोटारीत घालायचं पेट्रोल. एकाच पिंपातून निघालेल्या मालाची अशी अदलाबदल जगभर आहे.

मराठीने दिव्यांची नावंही आपल्या पद्धतीने लावून घेतली. काचेच्या नळकांड्याला इंग्रजीत ‘चिमनी’. पण मराठीत चिमणी म्हणजे काच नसलेली, पत्र्याच्या डबीला वात लावलेली धुरकट बत्ती. खऱ्या काचेच्या कंदिलाची निगा वेगळी. तिन्हीसांजेआधी काच काढायची, चुलीतली चाळलेली राख फडक्यावर घेऊन आतली काजळी पुसायची, वात कात्रीने सरळ कापायची. कोपरा उंच राहिला तर ज्योत एका बाजूने वर जाते आणि काच तडकते. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंच्या काच कारखान्याने ‘प्रभाकर’ कंदील काढला आणि तो महाराष्ट्रभर गेला. देवापुढच्या समईत मात्र रॉकेलला कधी शिरकाव मिळाला नाही. तिथे तिळाचं, गोडंतेल किंवा तूप. नावात तेल असलं तरी ते तेलाच्या जातीत बसलेलं नाही, हा निवाडा घरातल्या बायकांनी कोणत्याही रसायनशास्त्राविना केला होता.

मोटार आली तेव्हा ज्या हलक्या भागाचा दिव्याला उपयोग नव्हता, उलट दिव्यात मिसळला तर स्फोट होई, त्याला एकदम भाव आला. १८९० च्या दशकात लंडनच्या हॅकनी विक भागातल्या कारलेस, केपल अँड लिओनार्ड या कंपनीने तो ‘पेट्रोल’ या नावाने विकायला घेतला आणि नाव स्वतःपुरतं नोंदवून घेण्याचा खटाटोप केला. तो फसला, म्हणून तर पेट्रोल सगळ्यांचं झालं. रॉकेल अमेरिकेकडून घेतलेल्या मराठीने हा शब्द घेतला तो ब्रिटिशांकडून. अमेरिकन ‘गॅसोलीन’ आपल्याकडे आलाच नाही.

स्फोट होत असल्यामुळेच पेट्रोलियम हा शब्द कायद्यात गेला. फसवे व्यापारी रॉकेलमध्ये हलकं, स्वस्त नाफ्था मिसळत, आणि दिवे हातात फुटत. जॉन रॉकफेलरने १८७० मध्ये आपल्या कंपनीला ‘स्टँडर्ड’ नाव दिलं, त्यामागे प्रमाणित, भरवशाचा माल ही ग्वाही होती. ब्रिटनमध्ये फ्रेडरिक एबल यांनी बंद भांड्यात तेल तापवून ते कोणत्या तापमानाला झपकन पेट घेतं हे मोजण्याचं उपकरण तयार केलं. या तापमानाला आज ज्वलनांक म्हणतात आणि भारतातला १९३४ चा पेट्रोलियम कायदा अजून त्याच्यावरच चालतो : २३ अंश सेल्सिअसच्या खाली पेट घेणारं ते अ वर्ग, २३ ते ६५ ब वर्ग, ६५ ते ९३ क वर्ग. पेट्रोल अ वर्गात, रॉकेल ब वर्गात. या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या संघटनेचं मुख्यालय नागपुरात आहे. कायद्यातली व्याख्या द्रव हायड्रोकार्बन आणि त्यांच्या ज्वालाग्राही मिश्रणांची आहे. खडकाचा तिथे पत्ता नाही.

खडक शिल्लक आहे तो भूगर्भशास्त्रात. जमिनीखाली तेलाची तळी असतात ही समजूत चुकीची; ते स्पंजातल्या पाण्यासारखं खडकाच्या बारीक छिद्रांत भरलेलं असतं. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखाली, ‘सागर सम्राट’ या खोदाई यंत्रणेला फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागलं ते चुनखडकात. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, बॉम्बे हाय नावाच्या या तेलक्षेत्रातून उत्पादन सुरू झालं. तोवर तुर्भ्याच्या रिफायनऱ्या दोन दशकं मुख्यतः बाहेरून आणलेल्या तेलावर चालल्या होत्या. रेशन दुकानातल्या रॉकेलला भेसळ ओळखू यावी म्हणून निळा रंग देत. त्या दुकानांसमोरच्या रांगा गॅस सिलिंडर पोचत गेला तशा आटल्या, आणि दुकानदाराच्या वहीतला रॉकेलचा रकाना बऱ्याच गावांत आता कोराच राहतो.